हलू नका

गल्लीतली पोरं आमच्या काकांना "हलू नका" म्हणूनच ओळखायची. फोटो काढताना हे दोन शब्द ते इतक्यांदा म्हणत, की झोपेतही म्हणतात असं काकूचं म्हणणं. मी ते खरं मानते, कारण लहानपणी मला ताप आला तेव्हा थर्मामीटर लावतानाही ते तेच म्हणाले होते.

या माणसाने किती वेळा कात टाकली, विचारू नका. सुरुवात रंगाऱ्याची. एका स्टुडिओच्या भिंती रंगवायला गेले, तर मालकाने मागच्या पडद्यावर जिनाही रंगवून मागितला. तो असा फक्कड जमला की लोक खास त्याच्यापुढे उभे राहायला येऊ लागले. तो जिना वर कुठे जातो ते मात्र काकांनाही ठाऊक नव्हतं. मालकाच्या मागोमाग ते अंधाऱ्या खोलीत शिरले, लाल दिव्याखाली कागद धुवायला शिकले आणि बाहेर आले ते फोटोग्राफर होऊनच. पुढे स्वतःचं दुकान काढलं. रंगीत फिल्म आली तेव्हा बाकीचे नाकं मुरडत बसले. काकांनी दुकानातल्या, आता बिनकामाच्या झालेल्या अंधाऱ्या खोलीला खिडकी पाडली आणि तिथे गिऱ्हाइकांसाठी आरसा, कंगवा आणि सगळ्यांनाच ढगळ होणारा एक कोट टांगला. मग व्हिडिओ कॅसेटी केल्या. कॉम्प्युटर मुलीकडून शिकले, तिचा ओरडा खात खात. जुनं गेलं म्हणून उसासे टाकणारी माणसं मला सोसत नाहीत, म्हणून काका मला फार आवडतात.

एक गोष्ट मात्र सगळ्या अवतारांत कायम राहिली. कॅमेरा हातातच. स्टँड त्यांनी कधीच माळ्यावर टाकला होता. देवाने दोन पाय दिलेत, तिसरा कशाला, असं म्हणत ते गिऱ्हाइकाभोवती फिरत, वाकत, स्टुलावर चढत. फ्लॅशचाही त्यांना तिटकारा होता. खिडकीतून येईल तेवढा उजेड त्यांना पुरायचा.

साठी उलटली आणि उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हा कंप जायचाही नाही. काकांनी ते घरात कुणाला कळू दिलं नाही. मग शेजारच्या शिंप्याचा पासपोर्टसाठीचा फोटो अस्पष्ट म्हणून कचेरीतून परत आला. शिंप्याने चकार शब्द काढला नाही, गुपचूप दुसरीकडे जाऊन फोटो काढला. चार शिव्या दिल्या असत्या तरी काकांना इतकं लागलं नसतं. मुलगी म्हणाली, खूप केलंत बाबा, आता दुकान बंद करा. भर दुपारी शटर अर्धं ओढून काका आत नुसते बसू लागले. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. दुकान गेलं तर काकांचं काय उरलं असतं?

शेवटी काकू माळ्यावर चढली आणि धुळीने माखलेला स्टँड घेऊन दुकानात आली. मी तिच्यामागे फडकं घेऊन. काका म्हणाले, हा शिकाऊ लोकांसाठी असतो.

"मग शिका," काकू म्हणाली. "आजवर काय केलंत दुसरं?"

काकांनी कॅमेरा स्टँडवर चढवला. लांब वायरचं बटण डाव्या हातात घेतलं आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्यामागून बाजूला झाले. समोर बसायला काकूच होती. आता काकूचे फोटो म्हणजे घरातला जुना विनोद. एकातही तिचे डोळे उघडे नाहीत. काकांनी सगळे उपाय करून हात टेकले होते.

"अहो, इकडे या. तो हात इथे ठेवा," ती खांद्याकडे बोट दाखवत म्हणाली. काकांनी थरथरता हात तिच्या खांद्यावर ठेवला. ती मान वर करून त्यांच्याकडे बघू लागली.

"तुम्ही त्या डब्यामागे गेलात की समोर ओळखीचं कुणी दिसायचंच नाही. मग डोळे आपोआप मिटायचे."

काकांच्या तोंडून नेहमीचे दोन शब्द निघाले नाहीत. त्यांनी नुसतं बटण दाबलं. माझेच डोळे भरून आले.

तेव्हापासून ते कॅमेऱ्याशेजारी उभे राहून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात, आणि लोक भिंगाऐवजी त्यांच्याकडे बघतात. घरी दिसतो तसा चेहरा फोटोत येतो, असं आता लोकच सांगतात. मुलीने दुकान बंद करायचा विषय सोडून दिला. काकूचा तो फोटो काकांनी मोठा करून दर्शनी काचेत लावला आहे. डोळे टक्क उघडे, केसांतली पांढरी बट न् बट स्पष्ट.

परवा शिंपी आला. बराच वेळ काचेपाशी उभा राहिला, मग चाचरत म्हणाला, "दादा, वहिनी झकास आल्यात. पण खांद्यावर हे काहीतरी हललंय."

"फोटोग्राफर हललाय," काका म्हणाले आणि त्याला स्टुलावर बसवलं. "तुम्ही हलू नका."