बाबा मॅचला येत नाहीत

भंडाऱ्यात मी टेनिस खेळते म्हटलं की लोक विचारायचे, "कोणत्या टीममध्ये?" त्यांना टेनिस बॉलचं क्रिकेट वाटायचं. दोनदा राज्य विजेती होऊनही त्यात काही फरक पडला नाही. आता एकतिसाव्या वर्षी, खांद्याला पट्टा बांधून पहिल्याच फेरीत हरत असताना, समजावून सांगण्याचाही मला कंटाळा यायचा.

खरं तर मला सगळ्याचाच कंटाळा आला होता. बॅग भरायची, वरठी स्टेशनवरून गाडी पकडायची, हरायचं, परत यायचं. डॉक्टर म्हणाले, खांदा आणखी एखादं वर्ष रेटता येईल. मी मनात म्हटलं, रेटायचा कशाला? नागपूरची या हिवाळ्यातली स्पर्धा शेवटची, असं ठरवून टाकलं. घरी कोणाला सांगितलं नाही. फक्त एक हट्ट होता, ही मॅच बाबांनी बघावी. सोळा वर्षांत त्यांनी माझी एकही मॅच बघितली नव्हती, आणि त्याला कारण मीच.

बाबा हातमागावर कोसा रेशमाच्या साड्या विणतात. मागावर धागा तुटला की विणकर त्याला गाठ मारतो नि पुढे जातो, एका धाग्यापायी कोणी मागावरचा सगळा उभा ताणा फेकत नाही. मी पंधरा वर्षांची होते. राज्य स्पर्धेच्या फायनलच्या सकाळी बाबांना माझ्या दुसऱ्या रॅकेटची एक तार बॅगेत ठेवल्या ठेवल्या तुटलेली दिसली. टेनिसमध्ये एक तार गेली की सगळ्या तारांचं गटिंग कापून नवं घालावं लागतं, हे त्यांना कुठून माहीत असणार! मला न सांगता त्यांनी तिला गाठ मारली, आणि ती इतकी सुबक की माझ्याही लक्षात आली नाही. तिसऱ्या सेटमध्ये माझी पहिली रॅकेट तुटली. मी ही दुसरी उचलली, आणि नेमकी माझ्याच मॅच पॉइंटवर गाठ सुटली. चेंडू नेटमध्ये गेला, आणि मागोमाग फायनलही.

सगळ्यांसमोर मी ओरडले, "तुमाले कोणं सांगतलं होतं हात लावाले? आता माझ्या मॅचले येऊच नका!"

बाबा आले नाहीत. पुढच्या वर्षी मी राज्य विजेती झाले, त्याच्या पुढच्या वर्षीही. झालं, बाबांची खात्रीच पटली की पोर जिंकते ती आपण जात नाही म्हणून. मलाही तेव्हा ते सोयीचं वाटलं. पुण्याचं शिबिर, विमानप्रवास, पेपरात फोटो, त्यात बाप कशाला आठवतो! मग खांदा गेला. क्रमवारी घसरली, कालच्या पोरी माझी सर्व्हिस हसत हसत परतवू लागल्या. त्या पडत्या काळात बोलावलं तर बाबा म्हणायचे, "आता त बिलकूलच नाही येत. उरलंसुरलंबी जाईन."

या वेळी मी अडूनच बसले.

"मी आलो का तू हारशीन," बाबा म्हणाले.

"मी तशीबी हारूनच राहिली न, बाबा. चला."

बाबा धुतलेला सदरा घालून निघाले.

नागपूरला पहिल्या फेरीत समोर सतरा वर्षांची पोरगी होती. तिने मला तासाभरात मोकळं केलं. बाबा कुठे बसलेत ते कोर्टवरून दिसेचना. दर वेळी बाजू बदलताना मी मान वळवून शोधत होते. शेवटी त्या पोरीशी हात मिळवताना मला ते दिसले. पार मागे, पाण्याच्या टाकीआड, अर्धे लपलेले. आपला पायगुण मला लागू नये म्हणून इतक्या लांब. मला लाज वाटली, हरल्याची नव्हे.

बाहेर टपरीवर चहा घेताना मात्र बाबा खुलले होते.

"तुहा तो उलट्या हाताचा फटका भारी हाय वं. ते पोरगी दोनदा पाहतच राहिली."

"पण हारली न मी."

"हारली त हारली. पुढची कवा हाय? आता मी येत जाईन."

"पुढची नाही, बाबा. हे शेवटची होती."

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मले पहिलेच सांगतलं असतं, त मी सामने बसलो असतो."