आजारी शेळीचा पाला

दिंडोशीच्या टेकडीवर भर उन्हाळ्यात एक मावशी शेळ्या चारायची. गुडघाभर वाळलेलं गवत सोडून तिची एक आजारी शेळी मागच्या पायांवर उभी राहून बोरीचा काटेरी पाला ओरबाडत होती. मी शहाणपणानं म्हटलं, "हिला हातानं गवत भरवा ना." काठीवर हनुवटी टेकवून मावशी म्हणाली, "आजारी जिवाच्या तोंडात कोंबू नये. तिचं तिला कळतं."

घरी तापातून उठलेल्या बाबांना मी आठवडाभर मऊ भातच भरवत होते. ते तोंड फिरवायचे. त्या दुपारी मी ताटात सगळंच थोडं थोडं वाढलं आणि ताट त्यांच्यापुढे ठेवलं. बाबांनी भात सरकवला, भाजलेली सुकट उचलली. आपल्या मालवणीत म्हणाले, "अजून आसा?"

दुसऱ्या दिवशी मावशीला डबाभर सुकट नेऊन दिली. शेळीसाठी मात्र काही नेलं नाही. तिचं तिला कळतं.