मामाचं नाक

माझा मामा तेलं काढायचा. ओवा, लवंग, गवती चहा, असलं काहीबाही तांब्याच्या हंड्यात उकळायचं आणि वाफ थंड करून तिच्या पाण्यातून वेगळं होणारं तेल बाटलीत भरायचं. नाक असं तिखट, की मी दारात पाऊल टाकलं की विचारणार, "साबण बदललास का गं?" सर्दी झाली की काम बंद आणि घरात कुणाशी अवाक्षर नाही.

मी जंतूंच्या लॅबमध्ये कामाला. एकदा हौसेने त्याचं ओव्याचं तेल तपासलं. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधोमध तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. तेलात दम असेल तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि गोल, स्वच्छ कडं दिसतं. मामाच्या तेलाचं कडं चांगलं मोठं आलं. मी फोटो पाठवला. त्याने तो फ्रेम करून हंड्याच्या वर टांगला. माझ्या लग्नाचा फोटो अजून त्याच्या कपाटात आहे. असो.

मग मामीच्या पायाचा अंगठा चपलेने सोलवटला. मामीला डायबिटीस, पायाला धड काही कळत नाही. मामा रोज पट्टीवर तेल ओतायचा. डॉक्टरचं नाव काढलं की फोटोकडे बोट दाखवायचा. मामी म्हणायची, "दुखत नाही गं, कशाला उगीच?"

मी गेले तेव्हा अख्खं घर ओव्याने घमघमत होतं. मी पट्टी सोडली. अंगठा काळानिळा, खाली हिरवट पू. माझं डोकंच फिरलं.

"मामा, हे काय आहे?"

"वास तर येत नाही," तो म्हणाला. खरंच येत नव्हता. त्याच्याच तेलाने तो झाकला होता.

"पाय म्हणजे बशी वाटली का तुला?" मी ओरडले आणि मामीला तशीच गाडीत घातली.

हॉस्पिटलात अंगठा काढला. आणखी उशीर झाला असता तर पाऊलच गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. जखमेतले जंतू मी लॅबमध्ये वाढवले, मधोमध मामाच्या तेलाची टिकली ठेवली आणि त्या बशीचाही फोटो काढून त्याच्यापुढे धरला. जंतू पार टिकलीला टेकले होते.

"टिकली नीट भिजवली होतीस?"

"तुझ्याच बाटलीतून."

"हाही फ्रेम कर," एवढंच म्हणाला आणि तिथेच हॉस्पिटलच्या बाकावर बसून ढसाढसा रडला. मला त्याचा राग येत होता आणि कीवही.

आता हंडा चालू आहे, पण तेलाचा थेंब घरात येत नाही. कामावरून आला की तो बिनवासाच्या साबणाने अंग घासतो, मामीचं पाऊल मांडीवर घेतो आणि त्याला नाक लावतो.

"अहो, लाज वाटते मला," मामी म्हणते.

"वाटू दे." सगळीकडून हुंगून झाल्यावरच तो जेवायला बसतो.

परवा त्याला सर्दी झाली. सकाळीच मला फोन. "ताबडतोब ये. माझं नाक बंद आहे."

मी रजा टाकून गेले.