मागच्या चाकाचा सूर

मिस्त्री गेले त्याला आज अठरा दिवस झाले. ते सायकली दुरुस्त करायचे. वय एकसष्ट. खाली पुढच्या बाजूला दुकान, मागे दोन खोल्या. तिथे ते आणि काकू. वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो.

मी एका छापखान्यात प्रुफं तपासतो. वाङ्मयाची पदवी घेतली, ती तिथे उपयोगी पडली. राहायला आलो त्या आठवड्यात मिस्त्रींनी विचारलं, "काय काम करतोस?"

"छापायच्या आधी चुका काढतो."

"म्हणजे आऊट काढतोस. माझाच धंदा की." तेव्हापासून ते मला पंडित म्हणू लागले. जरा विचार करून म्हणाले, "आणि जे बरोबर होतं तेच तू चूक समजून खोडलंस तर?"

"मग त्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि कडेला लिहायचं: तसेच ठेवा."

"बरंय बुवा तुमचं. आमच्यात आटा एकदा गेला की टिंबं देऊन भागत नाही."

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. टेबलाला सायकलचा जुना चिमटा ठोकला होता. त्यात वाकडं झालेलं चाक अडकवायचे, फिरवायचे, आणि छोट्या चावीने एकेक स्पोक आवळत, सैल करत जायचे. मधूनमधून नखाने स्पोक छेडायचे. एका बाजूच्या सगळ्या स्पोकांचा आवाज एकच आला पाहिजे. एखादा वेगळा बोलला की तो खोटा. भिंतीवर खिळ्याला एक मागचं चाक टांगलेलं होतं. ते त्यांच्या पहिल्या सायकलचं. सायकल कधीच भंगारात गेली, चाक राहिलं. कुठलंही काम सुरू करण्याआधी ते त्या चाकाचा एक स्पोक छेडून ऐकायचे. "हे माझं माप," म्हणायचे.

दीड वर्षापूर्वी काकूंच्या मेंदूत रक्त गोठलं. उजवा हात गेला, बोलणं गेलं. एकच शब्द उरला. नाही.

"चहा देऊ का गं?"

"नाही," म्हणत त्या डावा हात कपासाठी पुढे करायच्या.

मिस्त्री हसायचे. "चाळीस वर्षं हिनं मला कशालाच नाही म्हटलं नाही. आता थकबाकी वसूल करतेय."

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं की बोलणं अडतं तिथे कधीकधी गाणं अडत नाही. ओळखीची एखादी चाल ऐकवत जा. त्या गुणगुणल्या तर पुढे शब्दही येऊ शकतील. त्यांनी दोनशे पानी वही दिली. रोज काय ऐकवलं, काय आवाज निघाला, ते लिहायचं.

मिस्त्री घरी येऊन गायले. मी जिन्यात होतो, ऐकलं. काकूंनी चांगल्या हाताने कान झाकला आणि म्हणाल्या, "नाही." तेवढा एक मनापासून होता.

मिस्त्रींना हवी होती ती एकच चाल. लग्नानंतर ते ज्या इमारतीत राहत, तिथे एक कंपाउंडर संध्याकाळी जिन्यात बसून गिटार वाजवायचा. काकू कपडे वाळत घालताना त्याच्याबरोबर गुणगुणायच्या. त्या चालीला शब्द नव्हते. मिस्त्रींच्या डोक्यात ती पक्की होती. गळ्यात उतरत नव्हती.

"गिटार घ्यायची," ते मला म्हणाले. "त्याची होती तशी. मऊ वाजणारी. तारा लोखंडी नव्हत्या त्याच्या."

"म्हणजे क्लासिकल. नायलॉनच्या तारांची."

"तुला कळतं त्यातलं?"

कॉलेजात मी पाच महिने गिटार शिकलो होतो. म्हटलं, "कळतं."

पहिल्या दुकानातल्या विक्रेत्याने विचारलं, "काका, नातवासाठी?"

"मलाच."

"अरे वा! छंद पाहिजेच माणसाला."

"छंद नाही. औषध आहे."

त्याने काळी चकाकती गिटार पुढे केली. मिस्त्रींनी तारेला बोट लावलं आणि परत दिली. "ही लोखंडी." मग त्याने नायलॉनच्या तारांची काढली. मिस्त्रींनी ती खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि मानेवरून खालपर्यंत नजर टाकली. रिम बघतात तशी.

"आऊट आहे."

"काय आहे?"

"मान. डावीकडे पीळ पडलाय."

विक्रेत्याला दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. मिस्त्रींनी खिशातली पोलादी पट्टी मानेवर ठेवली. पट्टीखालून उजेड दिसला.

दुसऱ्या गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या कडांवरून त्यांनी अंगठा फिरवला. "कानस मारलेली नाही. शिकणाऱ्याचा हात कापेल." तिसरीवर ते प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर दाबून, कान लावून ऐकत बसले. सातव्या पट्टीवर चरचर निघाली.

"काका, गिटार घेताय की मुलगी बघताय?" विक्रेता म्हणाला.

"लग्नात मी एवढं बघितलं नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "तिनं बघितलं होतं."

पुढच्या दुकानातही तेच झालं. शेवटी आम्ही वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. अरुंद खोली, सरसाचा वास, भिंतीवर लाकूड आवळून धरायचे शिकंजे. बाई लाकडाला पट्टी लावून बघत होत्या, एक डोळा मिटून. मिस्त्री दारातच थांबले. म्हणाले, "इथे मिळेल."

बाईंनी तपकिरी रंगाची एक जुनी गिटार दिली. छिद्राजवळ ओरखडा होता, चकाकी नव्हती. "पुढची फळी अस्सल लाकडाची आहे. मागची आणि कडा प्लायच्या. नवशिक्याने एवढ्या पैशात याहून जास्त मागू नये. आवाज पुढच्या फळीतून येतो, पॉलिशमधून नाही." तारा पट्ट्यांपासून किती वर असाव्यात ते दाखवलं. फार वर असल्या तर बोटं सोलतात, फार खाली असल्या तर चरचरतात. "आणि हिच्यावर लोखंडी तारा कधी चढवू नका. ताण सोसणार नाही, तारा बांधल्यात तो ठोकळाच उखडेल. या नव्या आहेत, पंधरा दिवस उतरत राहतील. रोज लावाव्या लागतील."

"नवं चाकही उतरतं," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी घासाघीस केली नाही. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"शिकवणार कोण?" बाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

गिटार चादरीत गुंडाळून त्यांनी कॅरियरवर बांधली. मग सायकलवर बसलेच नाहीत. घरापर्यंत हातात धरून चालत आले.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी त्यांनी खालून हाक मारली. "पंडित, ये! लावली!"

मी गेलो. काकू आतल्या दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. मिस्त्रींनी अंगठा तारांवरून फिरवला. सहाही तारांतून एकच सूर आला.

मी हसलो.

"मागच्या चाकाचा सूर आहे," ते म्हणाले. भिंतीकडे बोट दाखवलं. "जाड तारा खालून, बारीक वरून. आई-लेकी समज. पण घर एकच."

"मिस्त्री, अहो हे चाक नाही. इथे प्रत्येक तारेचा सूर वेगळा असतो."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू माझ्याकडे बघत होत्या. मिस्त्रींना काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं. पण मी खिशातून फोन काढला होता. त्यात सूर दाखवणारा काटा होता.

"असं होय," ते म्हणाले. "मग तू लाव."

दहा मिनिटांत मी सगळ्या तारा बरोबर लावल्या. "ही जाड तार बघा किती ताणली होती तुम्ही. तुटली असती."

"हो," ते म्हणाले. "तुटली असती."

चार महिने मी शिकवलं. त्यांच्या बोटांच्या रेषांत वंगण मुरलेलं होतं. करंगळी कधीतरी चेनमध्ये सापडलेली, वाकायची नाही. ते तक्रार करत नसत. दुपारी दुकान बंद करून काकूंसमोर बसायचे आणि मी सांगितलेलं घोटायचे. त्यांच्या बेसूर गुणगुणण्यावरून मी अंदाजाने सूर शोधून द्यायचो. चाल हळूहळू आली. तुटक आली, एका जागी दरवेळी अडखळायची, पण आली.

"आवडली का गं?"

"नाही."

आम्ही दोघं हसायचो. सगळ्यालाच त्या नाही म्हणत.

"काही फरक?" मी विचारायचो.

"बोटं बसू देत," ते म्हणायचे.

ते गेले मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. एका गिऱ्हाइकाने मला हाका मारल्या. मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते, हातात छोटी चावी. चिमट्यात लहान मुलाच्या सायकलचं चाक होतं. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल त्यांना. संध्याकाळी काकूंची धाकटी बहीण आली. तिने काकूंचा हात हातात घेऊन सांगितलं. मग विचारलं, "ताई, ऐकलंस ना गं?"

"नाही," काकू म्हणाल्या.

काकूंना आपल्या गावी न्यायचं बहिणीने ठरवलं. दुसरं कोणी नव्हतं. काल दुपारी बांधाबांध चालली होती. वही तिच्या हाताला लागली.

"पंडित, ही तिकडच्या डॉक्टरांना दाखवायची का रे? बघ काही कामाचं असेल तर."

मी जिन्यात बसून वाचायला घेतली. सवयीने पहिल्या पानापासून. मिस्त्रींचं ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं होतं. बहुतेक पानांवर एकच ओळ: रेडिओ लावला. नाही म्हणाली. रेडिओ लावला. नाही म्हणाली. मग ते पान आलं.

"गिटार आणून दोन दिवस. आज सकाळी सहा तारा चाकाच्या सुरात लावल्या. नुसता अंगठा फिरवत बसलो. ती गुणगुणली. तीच चाल. दोन ओळी. पंडितला हाक मारतो."

त्याखाली, त्याच दिवशीचं: "पंडितने तारा बरोबर लावून दिल्या. माझं चुकलं होतं. नंतर ती गुणगुणली नाही. बोटं बसली की गुणगुणेल."

दुसऱ्या दिवशी: "नाही म्हणाली."

पुढची पानं मी भराभर उलटली. नाही. नाही. महिन्याभराने एक ओळ जास्त होती: "पुन्हा तशा लावून बघाव्या का. पंडितला वाईट वाटेल. एवढं मन लावून शिकवतो. शिकलेला आहे, त्याला कळतं."

शेवटची नोंद सोमवारची. "आज चाल न अडखळता वाजली. ऐकत होती. नाही म्हणाली."

मी वही मिटली. मग दुकानात गेलो. शटर अर्धं खाली होतं. खिळ्यावरचं चाक काढलं आणि नखाने एक स्पोक छेडला. गिटार मांडीवर घेतली. फोन वर खोलीतच ठेवला होता. एक खुंटी पिळायची, स्पोक ऐकायचा, परत पिळायची. मिस्त्रींना याला किती वेळ लागला असेल कोण जाणे. मला तास लागला. जाड तार सगळ्यात शेवटी ताणली. ती तुटली नाही.

काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, प्रवासाचे कपडे घालून. पायाशी बॅग. बहीण चादरींच्या घड्या घालत होती. मी समोरच्या स्टुलावर बसलो आणि अंगठा तारांवरून फिरवला.

काहीच झालं नाही. पुन्हा फिरवला. मग घाई करणं सोडलं आणि नुसता फिरवत राहिलो.

आधी घसा खाकरल्यासारखं वाटलं. मग सूर आला. बारीक, पण सरळ. पहिली ओळ पूर्ण झाली. मिस्त्री दरवेळी जिथे अडखळायचे, तिथे चाल खाली वळते हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना तिथे वर जायला शिकवलं होतं. बहीण अर्धी घडी हातात धरून उभी राहिली.

दुसऱ्या ओळीच्या मध्यावर काकूंनी दुकानाच्या दाराकडे मान वळवली. सूर लांबवला. कोणी येईपर्यंत लांबवतात तसा. मग थांबल्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

बहीण पलंगावर बसली आणि ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली. काकूंनी डाव्या हाताने तिला थोपटलं.

गाडी यायला थोडा वेळ होता. मी पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला, दोरा ओवला, खुंट्यांना बांधला. त्यावर सहा टिंबं दिली आणि लिहिलं: तसेच ठेवा.

"म्हणजे काय रे?" बहिणीने विचारलं.

"खुंट्यांना कोणाला हात लावू देऊ नका. तारा चुकीच्या लागल्यात असं कोणीतरी शिकलेला सांगेल. ऐकू नका."

"आणि उतरल्या तर?"

मी चाक आणून तिच्या पुढ्यात ठेवलं.

"अगं बाई, हे कुठे नेऊ?"

"न्या," मी म्हणालो. "हे माप आहे."

मी तिला दाखवलं, कुठला स्पोक, नख कसं लावायचं. तिने भीत भीत छेडून बघितला. काकूंनी मान वर केली.