तेंगऑनची झोप आणि नाफोंगचा संघ

तेंगऑनला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची तिला हौसही नव्हती. नाफोंग गावातल्या बर्फाच्या कारखान्यात ती पहाटे कामाला जाई. लाद्या फोडायच्या, चुरा पोत्यांत भरायचा, पोती मासळीवाल्यांच्या गाड्यांवर चढवायची. दुपारी घरी आली की अंगातला गारठा जाईपर्यंत मांजरासारखी उन्हात बसून राहायची. पण झोप काही लागत नसे. मुलगी दूर रायोंग शहरातल्या कारखान्यात नोकरीला गेली, जाताना नातवालाही घेऊन गेली, तेव्हापासून घर असं गप्प झालं होतं की भिंतीवरची पाल चुकचुकली तरी तेंगऑन दचकून उठून बसे.

नवरा बुनहोम ढोल वाजवायचा. पूर्वी लग्नांत आणि मुलांच्या भिक्षुदीक्षेच्या मिरवणुकांत, आता नाफोंगच्या संघासाठी. संघाचे मालक किमहेंगशेठ. बर्फाचा कारखानाही त्यांचाच. संघ काढला तेव्हा बोधचिन्ह ठरवायला बैठक बसली होती. प्रांताचं जनावर रेडा आणि मालकांचा धंदा बर्फ, म्हणून बर्फाच्या लादीत उभा असलेला रेडा असं चित्र निघालं. चित्रकाराने रेड्याचे डोळे मिटलेले दाखवले होते.

"शेठ, हा मेलाय की काय?" कुणीतरी विचारलं.

"विचार करतोय," शेठ म्हणाले, आणि ते चित्र पक्कं झालं.

संघ देशातल्या सगळ्यात खालच्या गटात होता. सामन्याला खेळाडूंचे नातेवाईक येत, सुकी माकूल मासळी भाजून विकणारी वांदी येई आणि गावातली कुत्री येत. कुत्री मध्यंतरात निघून जात.

एका शनिवारी बुनहोम बायकोला म्हणाला, "घरात बसून भिंती बघतेस, त्यापेक्षा चल, तिकडे बसून माणसं बघ."

ती गेली. पायरीवर चटई पसरली, चिकट भात आणि भाजलेली कोंबडी खाल्ली आणि नवऱ्याच्या ढोलाला डोकं टेकून बसली. ढोल घुमत होता, झांजा आपटत होत्या, वांदी पाहुण्या संघाच्या गोलरक्षकाच्या कुळाचा उद्धार करत होती. त्या गदारोळात तेंगऑनला कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली. ती झोपली आणि नाफोंगने गोल मारला. बुनहोमने आनंदाच्या भरात तिच्या कानाशी झांज आपटली. तिने फक्त कूस बदलली. नाफोंगने दुसरा गोल मारला.

पुढच्या सामन्यालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. एकदा तिच्या पायाला मुंगी चावली, ती उठून बसली, तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला. पाय खाजवून ती पुन्हा लवंडली आणि नाफोंगने तो फेडला. हे पहिल्यांदा वांदीच्या ध्यानात आलं. तिच्या हातातली माकूल निखाऱ्यात पडली.

"अगं बाई! ही झोपली की आपण गोल मारतो!"

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी बाजारात दुसरा विषय नव्हता. पुढच्या सामन्याला शेकडो माणसं आली, निम्मी मैदानाकडे पाठ करून बसली. लॉटरीवाले तिच्या घोरण्यातून आकडे काढू लागले. कुठलं घोरणं सम आणि कुठलं विषम यावरून दोघांची जुंपली. शेजारणींनी चटईपुढे उदबत्ती लावली आणि देवापुढे ठेवतात तशी लाल सरबताची बाटली ठेवली. तेंगऑन उठली, तहान लागली होती म्हणून ते सरबत पिऊन टाकलं, तर लोकांनी हात जोडले.

संघ वरच्या गटात गेला. किमहेंगशेठ स्वतः तिला भेटायला आले.

"मावशी, तुम्ही चटईवर झोपता हे आम्हाला शोभत नाही."

आधी खुर्ची आली. मग आरामखुर्ची. मग कुठल्यातरी बंद पडलेल्या दातांच्या दवाखान्यातली मागे कलणारी खुर्ची आली. तिच्यावर निजल्यावर तेंगऑनचं तोंड आपोआप उघडं पडायचं. सामन्याआधी संघ तिच्यासमोर रांगेत उभा राहून वाकायचा. आघाडीला खेळणारा कुआसी पार आफ्रिकेतून आलेला. त्याला आधी वाटलं, ही शेठची आई. मग वाटलं, ही आजारी आहे. खरं कळल्यावर त्याने दोन्ही हात कपाळाला लावले आणि नाफोंगची भाषा शिकायला सुरुवात केली. पहिलं वाक्य शिकला ते "मावशी, आरामात झोपा."

या सगळ्यात जळफळाट व्हायचा तो एकट्या थानिनचा. हा संघाचा प्रशिक्षक, बँकॉकचा. भाताच्या बांधांवरून त्याने पोरांना पळवलं होतं, कुआसीला उन्हात उभं करून डाव्या पायाने शंभरदा चेंडू मारायला लावला होता. गोल झाला की तो धावत पोरांकडे जाई आणि पोरं धावत मावशीकडे जात. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात त्याचा फक्त कोपर होता.

शेजारच्या थाखो गावाशी सामना झाला तेव्हा थाखोवाले टोपल्यांमधून कोंबडे घेऊन आले. मावशीचा डोळा लागला रे लागला की टोपल्या उघडायच्या, अशी योजना. कोंबडे आरवले, मावशी घोरली, नाफोंगने तीन गोल मारले. हरल्यावर थाखोवाल्यांनी तक्रार केली. सामन्याच्या पंचप्रमुखांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला: तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला झोपायचा अधिकार आहे, कोंबड्यांनी मात्र तिकीट काढलं नव्हतं.

सामने टीव्हीवर दिसू लागले. रायोंगहून मुलीचा फोन आला.

"आई, अख्ख्या देशाने तुझं उघडं तोंड बघितलं."

"मग? झाकायला तू होतीस का इथे?"

मग मुलगी म्हणाली, "पोरगा शाळेत सांगत सुटलाय, झोपते ती माझी आजी म्हणून."

संघ दुसऱ्या गटात पोचला. आता वर एकच गट उरला होता आणि इथेच शेठनी घोळ घातला.

"मावशी, आजपासून कारखान्यात यायचं नाही. तुम्ही आमच्या विश्रांती सल्लागार. नुसतं बसून राहायचं."

"आणि बर्फ कोण फोडणार?"

"बर्फ आपोआप वितळतो, मावशी. तुम्ही काळजी करू नका."

नवीन स्टँड बांधला होता. त्यात वर काचेची थंडगार खोली, खोलीत पलंग, पलंगाला मच्छरदाणी. बुनहोमचा ढोल खाली कुठेतरी दूर. काच इतकी जाड की हजारो माणसं तोंडं उघडताना दिसत, आवाज मात्र येत नसे. तेंगऑन पलंगावर आडवी झाली आणि टक्क जागी राहिली. अंग दमलेलं नाही, कानाशी ढोल नाही, आजूबाजूला चिटपाखरू नाही. ही खोली तर घरापेक्षाही गप्प होती.

नाफोंग हरलं. मग पुन्हा हरलं.

शेठ हवालदिल झाले. डॉक्टर आले, गरम दूध आलं, पाय चेपायला बाई आली. शेवटी वृद्ध भन्तेंना बोलावलं. भन्तेंनी तृष्णेवर प्रवचन दिलं. शेठ झोपले, शेठचा ड्रायव्हर झोपला, कुआसी भिंतीला टेकून झोपला. तेंगऑन मात्र डोळे मोठे करून ऐकत होती.

"तुला झोप का येत नाही, बाळ?" भन्तेंनी विचारलं.

"सगळे माझ्या झोपेची वाट बघत बसतात, भन्ते."

"वाट बघणाऱ्यांना तर झोप लागली," भन्ते म्हणाले आणि उरलेलं दूध ड्रायव्हरला देऊन टाका असं सांगून निघून गेले.

शेठच्या चेहऱ्याकडे बघवेना तेव्हा तेंगऑनने एक मार्ग काढला. डोळे मिटायचे आणि घोरण्याचा आवाज काढायचा. मच्छरदाणीतून कुणाला काय कळतंय? ती घोरली, संघ जिंकला. पुन्हा घोरली, पुन्हा जिंकला. पण तिच्या जिवाला टोचणी लागली. अधूनमधून ती एक पापणी किलकिली करून खाली बघे. हिरव्या मैदानावर पोरं धावताना दिसत आणि नेमकं काही घडायला लागलं की कुणीतरी खोलीत डोकावे, मग पुन्हा डोळे मिटायचे.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी थानिन तिच्या घरी आला. जिंकलं तर संघ सगळ्यात वरच्या गटात जाणार होता. त्याची दाढी वाढली होती.

"मावशी, एकच विचारतो. तुम्ही खरंच झोपता का?"

तेंगऑनने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "आधी झोपायचे. हल्ली सोंग करते."

"म्हणजे हे गेले सामने...?"

"जागी होते, लेकरा. शेठना सांगू नकोस."

थानिन उठला, बसला, पुन्हा उठला. मग तिच्या दारातच त्याने रडायला सुरुवात केली. बुनहोम मागून घाबरा होऊन आला. "काय केलंस त्याला?"

"काही नाही केलं! म्हणून तर रडतोय!"

थानिनने डोळे पुसले. "मावशी, उद्या उघड्या डोळ्यांनी बसाल? खाली, लोकांत? माझ्यासाठी?"

तिलाही तेच हवं होतं. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती काचेची खोली सोडून बुनहोमच्या शेजारी चटईवर जाऊन बसली. तिच्या डोक्यात हिशेब असा, की इथे ढोलाजवळ चुकून झोप लागली तरी लागू दे, नाहीतर बघू तरी हा खेळ असतो कसा. पण मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही आणि कुणाचं तरी लक्ष तिच्याकडे गेलं.

"मावशी जागी आहे!"

स्टँडमधून ही बातमी वणव्यासारखी पसरली. बायकांनी छाती पिटली. किमहेंगशेठ धावत निवेदकाच्या खोलीत घुसले आणि ध्वनिक्षेपकावर त्यांचा घोगरा आवाज आला.

"नाफोंगच्या लोकांनो, मावशींना झोप येत नाहीये. कृपा करून कुणीही आवाज करू नका!"

आणि भरलेलं मैदान चिडीचूप झालं. बुनहोमने ढोलावर टॉवेल टाकला. वांदीने निखाऱ्यांवर पाणी ओतायला घेतलं, पण ते चरचरेल म्हणून हात आवरला. मुलांच्या तोंडात भाताचे घास कोंबले गेले. शांततेत आपल्याला कधीच झोप येत नाही हे तेंगऑनला जिवाच्या आकांताने सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं की दहा जणी ओठांवर बोट ठेवत.

मैदानावर भलतंच झालं. पाहुण्या संघाची पोरं गोंगाटाला तयार होऊन आली होती. ही शांतता त्यांच्या अंगावर आली. चेंडूला पाय लागल्याचा आवाज ऐकू येई, पंचाच्या बुटांची करकर ऐकू येई. त्यांचा बचावपटू सारखा मागे वळून बघू लागला, सगळे घरी गेले की काय म्हणून. तो असाच मागे वळला असताना कुआसीने चेंडू घेतला आणि थानिनने घोटवून घेतलेल्या त्या डाव्या पायाने जाळ्यात मारला.

कुणी ओरडलं नाही. हजारो माणसं उभी राहिली, एकमेकांच्या गळ्यात पडली, नाचली, सगळी मुकाट्याने. कुआसी स्टँडकडे धावत आला आणि चवड्यांवर थांबला. पंचाने शिट्टी अगदी हळू वाजवली.

आणि तेंगऑन, जिने इतक्या सामन्यांत आपल्या संघाचा एकही गोल पाहिला नव्हता, ती ताडकन उठून ओरडली, "गेला! गेला रे आत! मी पाहिला!"

"श्श्श!" अख्खं मैदान म्हणालं.

सामना तेवढ्याच गोलवर संपला. नाफोंग वरच्या गटात गेलं. रस्त्यावर नववर्षाच्या सोंगक्रान सणासारखं पाणी उडालं, शेठनी बर्फाच्या लाद्या फुकट वाटल्या, लोक त्यांच्यावर बसून मिरवले आणि विजारी भिजवून घरी गेले.

थानिनने शेठना गाठलं. "शेठ, मावशी पूर्णवेळ जाग्या होत्या. सगळ्यांनी पाहिलं. गोल पोरांनी मारलाय."

"मी त्यांच्याकडेच बघत होतो," शेठ शांतपणे म्हणाले. "चेंडू आत जाताना त्यांनी डोळे मिटले होते."

"पापणी लवली असेल! शेठ, त्या ओरडल्या!"

"झोपेत ओरडतात माणसं, थानिन."

थानिनने वाद सोडला. त्याचा पगार वाढला, वर्तमानपत्रात त्याचा अख्खा चेहरा आला आणि त्याने ते कात्रण थेट आईला पाठवून दिलं.

तेंगऑनने शेठकडून आपलं जुनं काम मागून घेतलं. पहाटे बर्फ फोडल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही, असं तिने सांगितलं. शेठनी मोठ्या मनाने हो म्हटलं. खोलीतला पलंग मात्र अजून आहे, त्याची चादर दर सामन्याला बदलली जाते.

ती आता चटईवर बसते, पण झोपत नाही. एकदा गोल पाहिल्यापासून तिला त्याची चटकच लागली. ऑफसाइड म्हणजे काय ते तिला अजून कळलेलं नाही, त्यामुळे नाफोंगविरुद्ध झेंडा वर गेला की तो माणूस विकला गेलाय अशी तिची पक्की खात्री होते. वरच्या गटातल्या तिसऱ्याच सामन्यात तिने चिकट भाताचा गोळा वळला आणि सीमेवरच्या पंचाच्या मानेवर नेमका मारला. दोन सामने तिला मैदानात यायला बंदी झाली. त्या दोन्ही सामन्यांना ती कुंपणाबाहेर शिडीवर उभी होती. बुनहोम खाली शिडी धरून उभा होता, आणि सामना संपेपर्यंत तिचा घसा पार बसला होता.