उत्तरार्धाला उठून गेलेले भाऊजी

शेवटच्या भेटीत भाऊजींनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला, मला बोटानं जवळ बोलावलं आणि म्हणाले, "प्रोफेसरबाई, यांना सांग ना जरा, कमी करा म्हणावं. गंजून जाईन मी." सिस्टरनं मास्क परत वर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. ही तापातली बडबड आहे का, असं तिला विचारायचं असावं. तापातली नव्हती. शुद्धीवर असलेल्या माणसानं पूर्ण विचारांती केलेलं ते विधान होतं, आणि म्हणूनच मला राग आला. बाहेर ताई उपाशीपोटी जप करत बसलेली, आत रक्तदाब टिकेना, आणि या गृहस्थांना चिंता कशाची, तर गंजाची. "मास्क काढायचा नाही, भाऊजी," एवढंच मी म्हटलं, तेही दात-ओठ खात. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला, आणि त्यांच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य हेच राहिलं... याला आता काही आठवडे झाले. माणूस गेला की राग विरघळतो, असं म्हणतात. माझा अजून जसाच्या तसा आहे.

श्रीधरराव हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, पण नोकरीची सगळी वर्षं भोपाळच्या कारखान्यात गेली आणि निवृत्तीनंतर भोपाळच्याच सोनागिरी वस्तीत घर बांधून ते तिथलेच झाले. कारखान्यात त्यांच्याकडे लोखंड गंजू न देण्याचं खातं होतं. रंग, लेप, जस्ताचा मुलामा, जे काही लोखंडाला हवेपासून वाचवतं, ते सगळं त्यांचं. हे खातं त्यांनी कधी ऑफिसात सोडून घरी येणं जमवलं नाही. ताईला बघायला आले, तेव्हा आमच्या सरकारी क्वार्टरच्या गॅलरीत पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी लोखंडी कठड्याला टिचक्या मारून पाहिल्या आणि आमच्या बाबांना म्हणाले, "हा आतून गेलाय. मुलं खेळत असतील तर लवकर बदला." ताईकडे त्यांनी नीट पाहिलं की नाही, याबद्दल घरात पुढे बरीच वर्षं थट्टा चालली. बाबा मात्र खूश झाले. पोरगा कामाचा आहे, म्हणाले. कठडा खरोखरच आतून गेलेला निघाला. भाऊजी कधीच पूर्ण चुकीचे नसायचे, हाच त्यांचा मोठा त्रास होता.

त्यांची एक रीत सोनागिरीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटऱ्यातल्या माझ्या घरापर्यंत सगळ्या मराठी घरांना ठाऊक होती. दिवाळी उरकली, थंडी पडायला लागली की पिशवीत पाने, पक्कड आणि मॅग्नेशियमचे दांडे घेऊन ते घरोघर जायचे आणि गीझर उघडायचे. गीझरच्या टाकीत असा एक दांडा बसवलेला असतो, हे मला तोवर माहीतही नव्हतं. पाण्यातला प्राणवायू टाकीच्या लोखंडाला खाऊ पाहतो. हा दांडा मध्ये पडतो, स्वतः झिजतो आणि टाकी वाचते. दांडा संपला की टाकीची पाळी. दरवर्षी मी खाली बादली धरून उभी राहायची आणि ते आतून बोटाएवढा उरलेला, खडबडीत झालेला तुकडा काढून मला दाखवायचे, जणू मीच तो खाल्ला होता. नवा बसवताना दरवर्षी तेच वाक्य असायचं: "पाना हळू. जास्त कसायचं नाही, आटे जातात." दांड्याचे पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र दोनदा घ्यायचे. इतपत सगळं ठीक होतं. बिनसलं ते माझ्या व्याख्यानापासून.

मी जन्मभर कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं. एका गणेशोत्सवात आमच्या मंडळानं मला व्याख्यान द्यायला सांगितलं आणि मी विषय घेतला, प्राणवायू: मित्र की शत्रू. पूर्वार्धात मी शत्रूपक्ष मांडला. शरीरात प्राणवायू वापरला जाताना काही रेणू असे तयार होतात की त्यांच्यातल्या एका इलेक्ट्रॉनला जोडीदार नसतो. मग ते भेटेल त्याचा इलेक्ट्रॉन ओरबाडतात. यांना पुस्तकात मुक्त मूलके म्हणतात आणि बाकी सगळे फ्री रॅडिकल्स. ते पेशींची आवरणं नासवतात, प्रथिनं बिघडवतात, आणि त्यांना आवरणारी द्रव्यं, म्हणजे अँटिऑक्सिडंट, कमी पडली की शरीरावर ताण येतो. समजायला सोपं जावं म्हणून मी म्हटलं, लोखंडाला गंज चढतो, साधारण तसंच. दाराजवळच्या खुर्चीत भाऊजी ताठ बसले. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही बोलण्याकडे त्यांनी एवढं लक्ष दिलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि नेमका उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा स्वयंपाकाकडून कुणीतरी खूण केली की साबुदाण्याची खिचडी खाली लागतेय. मंडळाची व्यवस्था भाऊजींकडे. ते उठून गेले.

त्या उत्तरार्धात मी मित्रपक्ष मांडला होता. जखमेतून जंतू आत शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात, जंतूंना गिळतात आणि मग हीच ओरबाडणारी मूलकं मुद्दाम, एकदम, भरमसाट तयार करून त्यांना मारतात. जागा लाल होते, सुजते, गरम होते, ठणकते, त्यातला बराचसा भाग या लढाईचा असतो. हत्यार एकच, आणि ते कुठे, किती वेळ चाललं यावर सगळं अवलंबून. हे ज्यांनी ऐकलं ते सगळे खिचडी खाऊन घरी गेले आणि विसरले. ज्यांनी ऐकलं नाही, त्यांनी पूर्वार्धाचा धर्म केला.

पुढची वर्षं कशी गेली ते ताईलाच विचारा. फ्रिजवर ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल, फ्रिजमध्ये आवळ्याचा रस, चहा बंद, हिरवा चहा सुरू, जेवणानंतर जवस, झोपताना हळद. कुणी भेटायला आलं की "तुमच्या घरात अँटिऑक्सिडंट काय आहे?" हा पहिला प्रश्न. एका संक्रांतीला त्यांनी ताईला हळदीकुंकवाचं वाण म्हणून आवळ्याच्या वड्यांची पाकिटं लुटायला लावली आणि प्रत्येक पाकिटावर 'गंजरोधक' अशी चिठ्ठी चिकटवली. बायका हसून लोटपोट झाल्या, ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि भाऊजी बाहेरच्या खोलीतून विचारत होते, "समजलं ना सगळ्यांना?" यात वाईट काय, आवळा तर चांगलाच, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणायची. वाईट एवढंच होतं की दाह या शब्दाशी त्यांनी कायमचं वैर धरलं. अंगावर कुठे लाली दिसली, सूज आली, की त्यांच्या लेखी तो गंज. गंज खरवडायचा, झाकायचा, थांबवायचा. तो कशासाठी आला, हे विचारायचं नाही.

मी हप्त्याहप्त्यानं त्यांना उत्तरार्ध पाजायचा प्रयत्न केला. एकदा वाटलं, जमलं. मी विचारलं, "भाऊजी, जाड पोलादी प्लेट कापायला तुमच्याकडे काय वापरायचे?"

"गॅस कटर. आगीनं तापवायचं आणि ऑक्सिजनचा झोत सोडायचा. लोखंड जळत जातं, कापलं जातं."

"म्हणजे मुद्दाम ऑक्सिडेशन. मग कटर चालू असताना कुणी येऊन वर बादलीभर पाणी ओतलं तर?"

"मेमो देईन त्याला," ते म्हणाले.

"पांढरी पेशी म्हणजे तुमचा कटरवाला. त्याला काम करू द्या." यावर त्यांनी मान डोलावली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग म्हणाले, "लेकिन ठिणग्या उडतात ना, प्रोफेसरबाई. आजूबाजूचा रंग जळतो. त्याचं काय?" ठिणग्या उडतातच. जंतू मारताना आसपासच्या आपल्या पेशीही होरपळतात, आणि हा पसारा आवरायला शरीराकडे स्वतःची द्रव्यं असतात, हे मीच वर्गात शिकवलेलं. पुन्हा अर्धं बरोबर... वादात असा माणूस समोर असण्यापेक्षा अडाणी परवडला.

या हिवाळ्यात एका शेजाऱ्याचा जुना गीझर उतरवताना गंजक्या पत्र्याची कड त्यांच्या नडगीला लागली. साखरेचा त्रास होता, वय झालेलं, आणि जखम खोल. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, कारण गंजक्या लोखंडाचा तेवढा नियम त्यांना पाठ होता. बाकी घरचे उपाय. चार दिवसांनी मी गेले तर पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तांबडा, तापलेला, आणि भाऊजी त्यावर बर्फाची पिशवी ठेवून, शेजारी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली घेऊन बसलेले. "डोस दुप्पट केलाय," म्हणाले. "सूज उतरायची गोळीही चालू आहे. बघ, कालपेक्षा कमी आहे." लाली गुडघ्याच्या वर सरकत होती आणि हे मला कमी झालेली सूज दाखवत होते. मी म्हटलं, आत्ता उठा, डॉक्टरकडे चला, हा जंतुसंसर्ग आहे, याला प्रतिजैविक लागतं, आवळा नाही. "काहून ओरडून राहिली? सोमवारपर्यंत बघतो," त्यांनी उत्तर दिलं. मी ओरडले, ताई रडली, त्यांच्या मुलानं पुण्याहून फोनवर हात जोडले. ते हलले नाहीत. उलट मला समजावू लागले की पू म्हणजे गंजाचा चुरा. मी ताडकन म्हटलं, "पू म्हणजे तुमच्यासाठी मेलेल्या पांढऱ्या पेशी, भाऊजी. त्या मरताहेत आणि तुम्ही सोमवारची वाट बघताय." त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, "बरं, रविवारी."

त्या गोळ्यांनीच घात झाला असं मी म्हणणार नाही. मला ते सिद्ध करता येणार नाही, आणि जे सिद्ध करता येत नाही ते मी भाऊजींनाही बोलू देत नसे. घात केला तो वाट पाहण्यानं. वेदना आणि ताप गोळ्यांखाली दबले, आतलं चालू राहिलं. शनिवारी दुपारी त्यांना थंडी भरली, बोलण्याचा ताळमेळ सुटला, आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं, "मैडम, इन्फेक्शन तो शायद दवा से कंट्रोल हो जाए. अब दिक़्क़त बॉडी के अपने रिएक्शन से है, वो रुक नहीं रहा." म्हणजे कटर हातातून सुटला होता आणि शरीरभर फिरत होता. किडनी, फुप्फुसं, जे समोर येईल ते होरपळत होतं. ज्या गंजाला ते इतकी वर्षं भीत होते, तो शेवटी खरोखर आला, आणि आला तो पहिली लढाई वेळेवर न लढल्यामुळे. मास्क खाली ओढून त्यांनी ऑक्सिजन कमी करायला सांगितलं, त्यातही तथ्याचा एक कण होता. गरजेपेक्षा जास्त प्राणवायू डॉक्टरही देत नाहीत, तेही मोजूनच देतात. त्यांना मात्र त्या घटकेला पुरेसाही मिळत नव्हता. पुन्हा अर्धं बरोबर. मरतानासुद्धा या माणसानं मला पूर्ण जिंकू दिलं नाही.

तेराव्याला ताईचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. सकाळपासून आंघोळी चालल्या होत्या आणि कुणीतरी ओरडून सांगितलं की गरम पाणी तांबूस येतंय. पाहुणे गेल्यावर मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं मेन बंद केला, पाणी सोडलं, खालची प्लेट उघडली आणि आत बॅटरी मारून म्हणाला, "मैडम, इसमें तो रॉड है ही नहीं. बस तार बचा है. दो-तीन साल से किसी ने बदला नहीं होगा." मला वाटलं, त्याला दिसत नसेल. मी स्वतः वाकून पाहिलं. दांड्याच्या आतली बारीक तार लोंबत होती आणि टाकीच्या भिंतीवर तांबडे डाग पडले होते. साऱ्या सोनागिरीचे दांडे बदलणारा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या घरात फक्त तार. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, पण इतका?

ताई दारात उभी होती. "मी दर दिवाळीला म्हणायचे, आपलाही बघा," ती म्हणाली. "तर हे म्हणायचे, आधी लोकांचे होऊ देत, आपला कुठे पळून जातोय."

मी त्यांच्या कपाटातून नवा दांडा काढला. तिथे अजून बरेच होते, वर्तमानपत्रात गुंडाळून नीट रचलेले, पुढच्या दिवाळीसाठी. इलेक्ट्रिशियन म्हणाला की टाकीला सुरुवात झाली आहे, पण दांडा बसवला तर अजून चालेल. त्यानं तो आत सरकवला, चार आटे फिरवले, आणि मी त्याच्या हातातून पाना घेतला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि डोक्यात राग होता, दोन्ही एकाच वेळी. "बस, मैडम, ज़्यादा मत कसिए," तो म्हणाला. अगदी त्यांच्यासारखं.

मी मुद्दाम आणखी एक वेढा दिला.