आप्पांचा पिकलेला निळा

आमच्या आप्पांबरोबर कामाला जायचं असेल तर घरून तासभर आधी निघावं लागतं. रस्ता वीस मिनिटांचाच आहे. उरलेली चाळीस मिनिटं आप्पांच्या बघण्याची.

"थांबव, थांबव!" असं टेम्पोत ओरडतात की वाटतं, चाकाखाली कुणी आलं. मी करकचून ब्रेक दाबते. मागे शिडी घसरते, डबे एकमेकांवर आदळतात. आणि आप्पा खिडकीतून बोट दाखवून म्हणतात, "ते छप्पर बघ."

बघायचं काय, तर गंजका पत्रा. त्यावर बाजूच्या झाडाची पिवळी पानं पडलेली.

"गंजावर पिवळं कसं बसलंय! मुद्दाम करायला गेलीस तर जन्मात जमायचं नाही."

"आप्पा, ते आपल्याला करायचंच नाहीये. आपल्याला काम आहे."

"हो हो, चल," म्हणतात आणि पुढच्या वळणावर पुन्हा बोंब ठोकतात.

पानगळ सुरू झाली की विचारूच नका. गवत वाळून तागासारखं होतं, भिंतींवरच्या वेली लाल होतात, सकाळी शेतांवर धुकं असतं आणि हा माणूस कामातून जातो. नेमके तेच आमच्या धंद्याचे दिवस. दवामुळे सकाळी दहाच्या आत ब्रश लावता येत नाही आणि चारनंतर लावलेला रंग नीट सुकत नाही. मधले सहा तास हातात. त्यातले दोन हे बघण्यात घालवणार!

आप्पा रंगारी आहेत, चाळीस वर्षं झाली. हात असा की पट्टी न लावता मारलेली रेघ सरळ येते. पण लोक नवं करायला बोलावतात आणि हे त्यांनाच समजावत बसतात, "राहू द्या हो, छान दिसतंय." सांगा, कुठला रंगारी गिऱ्हाइकाला असं सांगतो? माझा जन्म झाला तेव्हा दवाखान्यात पोचायला त्यांना उशीर झाला, कारण वाटेत एका पडक्या गिरणीच्या भिंतीवर तिरपं ऊन आलं होतं. आईने ते जन्मभर ऐकवलं. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "पोर काय पळून जाणार होती?"

आई गेल्यावर आप्पांकडे कामं येईनाशी झाली. मी तेव्हा शहरात रंगांच्या दुकानात होते. शेडकार्डातला नंबर दाबायचा, मशीनमधून रंग काढायचा, झाकण ठोकायचं. सहा वर्षं तेच केलं. मग ती नोकरी सोडून आप्पांच्या जोडीला आले. सगळ्यांनी वेड्यात काढलं. आणि या वर्षी माझ्या खटपटीने एक मोठं काम आलं. गावाबाहेरच्या रस्त्यावर धान्याची बारा जुनी गोदामं आहेत, त्यांची दारं रंगवायची. मॅनेजरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आधी पहिलं दार करून दाखवा. पसंत पडलं तर बाकीची अकरा तुमची." नाही पडलं तर मला परत दुकानात जावं लागणार होतं. मालकाने महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती.

रंग ठरलेला होता. शेडकार्डातला गडद हिरवा. डबे मी स्वतः आणून आप्पांच्या पायाशी ठेवले.

ते पहिलं दार म्हणजे दोन पुरुष उंचीच्या फळ्या. कधीकाळी निळ्या होत्या. वरून उन्हाने राखाडी झालेल्या, बोल्टांखाली गंजाचे ओघळ, खालच्या हातभर फळीवर शेवाळ, उंबऱ्याशी वाळक्या पानांचा ढीग. आप्पांनी बघितलं आणि खालीच बसले.

"हा निळा माझाच," म्हणाले. "तुझ्या जन्माच्या आधी लावलेला. तेव्हा डोळ्यांत खुपायचा. आत्ता कुठे पिकलाय."

"पिकला तर पिकला. खरवडायला घ्या."

नेमकं त्या दोन दिवसांत मला गावातल्या डॉक्टरांच्या खोलीचं छत रंगवायला जायचं होतं. मी आप्पांना पन्नास वेळा बजावलं. आधी खरवडा, मग घासा, भेगांत लांबी भरा, प्रायमर मारा आणि वर हिरवा. आप्पा प्रत्येक वेळी "हो" म्हणाले. इथेच मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले, तर दार जसंच्या तसं! तोच राखाडी निळा, तेच ओघळ, तेच शेवाळ. आप्पा दगडावर बसून चहा पीत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दोन दिवस! दोन दिवस काय केलंत तुम्ही? ब्रशसुद्धा ओला केला नाहीत? उद्या बाई येतील, त्यांना काय दाखवू, माझं कपाळ?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "हात लाव."

"कशाला?"

"लाव तर."

मी रागारागाने दारावर थाप मारली. हात चिकटला. तळवा निळा झाला.

त्यांनी सगळं केलं होतं. खरवडलं होतं, घासलं होतं, लांबी भरली होती, प्रायमर मारला होता. आणि वर पाच वाट्यांत पाच रंग कालवून ते जुनं दार पुन्हा काढलं होतं. ओघळसुद्धा. शेवाळसुद्धा! उंबऱ्यावरची पानं झाडून बाजूला ठेवली होती, ती काम झाल्यावर परत आणून टाकली होती. मी कपाळाला हात लावला आणि कपाळही निळं करून घेतलं.

"कसं झालंय?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा," मी म्हणाले, "माझ्याशी बोलू नका."

सकाळी लवकर येऊन तयारी करायची आणि दव उडताच हिरवा मारायचा असं ठरवलं होतं, पण बाई आमच्याही आधी हजर. साडेआठ वाजता दारापासून तीन फुटांवर उभ्या, हातात शेडकार्ड.

"हे काय? अजून हात लावला नाही?"

आप्पांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्यांनी तोंड उघडलं. ते काय बोलणार हे मला पुरतं ठाऊक होतं आणि ते बोलले की अकरा दारं गेली हेही ठाऊक होतं.

"आज सुरू करतोय," मी घाईघाईने म्हणाले. "दुसरीकडे काम निघालं होतं, म्हणून राहिलं."

"उद्या संध्याकाळी मला हिरवं दिसलं पाहिजे. ही कळा बघवत नाही," म्हणून बाई गाडीत बसून गेल्या.

बापाचं इतकं चांगलं काम मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते समोर उभं होतं आणि मी त्याच्यासमोरच म्हणाले की ते झालेलंच नाही. मला लाज वाटली. आप्पांकडे बघवेना.

"तिला कळलं नाही?" आप्पांनी हळूच विचारलं.

"नाही."

"एवढं जवळ उभी राहून?"

"नाही कळलं, आप्पा."

"चष्मा होता ना गं तिला?"

"होता!"

आप्पा गुडघ्यावर थाप मारून हसले. नंतर आणखी तीनदा तेच विचारून गेले. मला असा संताप आला! "अहो, तुमचं काम मी नाकारलं! काहीतरी बोला तरी!"

"ऐकलं की," म्हणाले आणि हिरव्याचा डबा उघडला.

पहिला हात मारला, खालून निळा डोकावत राहिला. सुकल्यावर दुसरा मारला. मला ब्रश लावू दिला नाही, कड्या घासायला बसवलं. रेघ कुठे चुकली नाही की थेंब कुठे गळला नाही. निळ्याची शेवटची वीतभर पट्टी उरली तेव्हा मला राहवेना.

"वाईट नाही वाटत?"

"वाटतंय ना," ते ब्रश न थांबवता म्हणाले. "पण तू परत दुकानात गेलेली मला नकोय. तिथे असताना घरी यायचीस तेव्हा कधी भांडायचीससुद्धा नाहीस."

मी कडी घासत राहिले.

काम पसंत पडलं. काल दुसऱ्या गोदामाशी टेम्पो लावला. वाटेत एकदाही थांबलो नाही, वीस मिनिटांत पोचलो. ते दार पहिल्यापेक्षा वाईट, म्हणजे कसं सांगू, चांगलं. लाल वेल पत्र्यावरून उतरून अर्ध्या फळीवर आलेली आणि वेलीखालचा निळा ऊन न लागल्यामुळे तसाच गडद. आप्पांनी मान वर केली नाही. पत्ती घेतली आणि सरळ खरवडायला लागले.

मी जाऊन ती पत्ती त्यांच्या हातातून हिसकावून घेतली.

"आधी नीट बघून तरी घ्या!" मी ओरडले.

आप्पा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

"माझ्याकडे काय बघताय? दाराकडे बघा!"